गोळी आतली करा

ज्यांच्या घरात कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात, किंवा ज्यांना स्वतःलाच येतात, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी लेखिका नाही, ब्लाउज शिवते. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. जिल्ह्यात कुठंही वाचून दाखवलं तर ऐकणारा म्हणेल, हे तर आमच्याच इथलं दिसतंय. तसं म्हणाला की माझं काम झालं.

माझ्या आजाराचं नाव डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, तेही लिहीत नाही. नाव कळलं की माणसं मोबाइलवर शोधतात आणि नको ते वाचून धसका घेतात. तुमच्या आजाराचं नाव तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला काय झालं आणि कुणी मला सांभाळलं, एवढंच मी सांगणार आहे.

सांभाळलं ते मुख्यतः माझ्या सासूनं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आमच्या आत्या ठेंगण्या, तोंडानं फटकळ, आणि चहात साखर कमी पडली तर कप परत पाठवणाऱ्या. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना फार भ्यायचे. आता त्या मला भितात असं त्या म्हणतात, पण त्यात काही अर्थ नाही.

*

सुरुवात लग्नसराईत झाली. दुकानात कापडांचा ढीग, झोप कमी, जेवण उभ्या उभ्या. एके दिवशी मशीन थांबवलं तरी त्याची टकटक थांबेना. मग त्या टकटकीत बायका बोलायला लागल्या. माझीच गिऱ्हाइकं. ही कापड चोरते, हिची नजर वाईट आहे, हिला हाकला. मी मशीनचं तोंड गोधडीनं गच्च बांधलं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, संध्याकाळी आपलं खतं-बियाण्यांचं दुकान बंद करून आले आणि विचारलं, मशीनला थंडी वाजतेय का? मी हसले नाही, तेव्हा त्यांना काहीतरी बिनसलंय हे कळलं.

पुढच्या आठवड्यात मी एका नवरीचं ब्लाउजपीस कात्रीनं कापून त्याच्या चिंध्या केल्या. आवाज जरीत शिरलाय अशी माझी पक्की खात्री होती. नवरीची आई आली तेव्हा आत्या पुढं झाल्या आणि उंदरानं कुरतडलं म्हणून सांगून मोकळ्या झाल्या. इतक्या सरळ रेषेत कुरतडणारा उंदीर त्या बाईनं जन्मात पाहिला नसेल. आत्यांनी स्वतःच्या ठेवणीतल्या साडीचं कापड तिला दिलं आणि दाराला आतून कडी घातली.

त्या दिवशी त्यांनी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला. "हे बाहेरचं हाय."

आमच्या भागात बाहेरचं म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. लागीर, करणी, नजर, कुणाचा तरी ओलांडलेला उतारा, सगळं त्या एका शब्दात येतं. आत्या मला एका जाणत्याकडं घेऊन गेल्या. लिंबू झालं, अंगारा झाला, ताईत झाला. मी त्या माणसाला शिव्या देणार नाही. घरात सगळ्यांनी भिऊन मला हात लावायचं सोडलं होतं, तेव्हा त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात बरा वाटला. पण आवाज गेले नाहीत, उलट त्यांत त्याचाही आवाज मिसळला.

*

शेवटी मालकांनी थाप मारली. परभणीला लेस आणि बटणं आणायला जाऊ म्हणाले. मोटारसायकलवर पुढं ते, मध्ये मी, आणि मी उडी मारू नये म्हणून मागं आत्या. त्यांनी माझ्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला होता आणि वाटभर मालकांना खड्डे चुकव म्हणून शिव्या देत होत्या. बटणांचं दुकान मागं टाकून गाडी दवाखान्याच्या फाटकात वळली, तेव्हा मी ओरडले नाही. ओरडायची ताकदच उरली नव्हती.

डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी विचारलं, "आवाज काय म्हणतात?"

तोपर्यंत सगळ्यांनी मला आवाज नाहीतच असं समजावलं होतं. ते काय म्हणतात हे कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं आणि खूप रडले. आत्या भिंतीशी उभ्या राहून ऐकत होत्या. आपल्या सुनेला दिवसभर कसल्या शिव्या ऐकाव्या लागतात हे त्यांनाही तेव्हाच समजलं. बाई म्हणाल्या, हा आजार आहे, मेंदूचा आहे, रोज गोळी घेतली तर ताब्यात राहतो. आत्यांनी विचारलं, "बीपीवानी?" बाई म्हणाल्या, तसंच समजा. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत मला बीपी आहे.

मला ठेवून घेतलं. बायकांचा वॉर्ड, खिडकीला जाळी. पहिल्या दिवशी ती जाळी बघून मला वाटलं, संपलं सगळं. पण तिथला दिवस साधा होता. सकाळी फरशी पुसली जायची, मग चहा, मग गोळी. सिस्टर समोर उभ्या राहायच्या आणि गिळल्यावर जीभ वर करून दाखवायला लावायच्या. आत्या माझ्यासोबत राहिल्या होत्या. दोन दिवसांत त्यांना रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी माझ्या डोक्याला तेल लावलं. शेजारच्या खाटेवरची बाई टक लावून बघत होती, मग तिच्याही लावलं. मग सगळ्या वॉर्डाच्या. कुणाशीच न बोलणारी एक म्हातारी दुपारी कंगवा हातात घेऊन आपणहून आत्यांपुढं येऊन बसायची. राउंडला आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमच्यामुळं सगळ्या बायका मला सारख्याच दिसायला लागल्या.

आवाज एकदम बंद झाले नाहीत. आधी दूर गेले, मग पुटपुटायला लागले. एका सकाळी मला नळाचं पाणी फक्त पाण्यासारखं ऐकू आलं. मी आत्यांना उठवून ते सांगितलं. त्यांनी मला जवळ ओढून घेतलं आणि किती तरी वेळ सोडलं नाही.

*

गोळ्यांनी बरं वाटतं, पण गोळ्या त्रासही देतात, हे कुणी लपवू नये. माझी जीभ जड झाली, वजन वाढलं, हात थरथरायला लागले. शिवणाऱ्या बाईचा हात थरथरला तर तिनं करायचं काय? सुईत दोरा जाईना. आत्यांचा हात स्थिर, पण त्यांना सुईचं भोक दिसत नव्हतं. मग सुई त्या धरायच्या आणि दोरा मी घालायचा. दोघी मिळून एक शिंपीण झालो. मी दवाखान्यात असताना मशीन गंजू नये म्हणून मालकांनी त्याला तेलपाणी करत ठेवलं होतं. इतकं तेल, की पहिल्या ब्लाउजला डाग पडला.

पुढच्या गोळ्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून घ्या म्हणून बाईंनी चिठ्ठी दिली होती. पेरणीचे दिवस होते, मालकांच्या दुकानात बियाण्याला झुंबड उडालेली, म्हणून चिठ्ठी घेऊन आत्या गेल्या. खिडकीतल्या माणसानं चिठ्ठी पाहिली आणि परत सरकवली. म्हणाला, "आजी, हे बाहेरचं आहे. आमच्याकडं नाही."

सरकारी दवाखान्यात उठबस असलेल्याला याचा अर्थ लगेच कळतो. औषध इथं शिल्लक नाही, बाहेर मेडिकलमधून विकत घ्या. पण आत्यांची उठबस तिथं नव्हती. त्यांना बाहेरचं या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता.

त्या जवळजवळ आनंदानं घरी आल्या. "सरकारी मानूस बी तेच मनला," त्यांनी पायरीवरूनच सांगितलं. "चिठ्ठी बगितल्या बगितल्या वळीकलं त्यानं."

सरकारनंच शिक्कामोर्तब केल्यावर गोळ्यांचं कारण उरलं नाही. मलाही हायसं वाटलं. हात थरथरणार नाही, जीभ हलकी होईल. पुन्हा जाणता, पुन्हा लिंबू. मालकांना वाटत होतं, गोळ्या चालू आहेत. काही दिवस मी इतकी छान होते की आत्यांनी देवीला साडी नेसवली.

मग टकटक परत आली. या वेळी गोधडीनं भागलं नाही. मी मशीनचं डोकं खोलून अंगणातल्या हौदात बुडवलं आणि ते वर येऊ नये म्हणून काठावर बसून राहिले. मालकांनी मला दोन्ही हातांनी धरून उचललं. ते नंतर म्हणाले, मला मशीनची भीती नव्हती. एवढंच म्हणाले, पण मला समजलं.

*

डॉक्टरबाईंनी दुसऱ्यांदा आम्हाला पाहिलं तेव्हा पहिला प्रश्न तोच होता, गोळ्या का बंद केल्या? आत्या ताठ उभ्या राहिल्या.

"तुमच्याच सरकारी मानसानं सांगितलं की, बाहेरचं हाय मनून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या हसल्या नाहीत, यासाठी मी त्यांना जन्मभर मानीन. त्यांनी खिडकीत नेमकं काय घडलं ते सगळं विचारून घेतलं आणि त्या शब्दाचा अर्थ उलगडून सांगितला. आत्या तिथंच खाली बसल्या. वॉर्डात मी पुन्हा भरती झाले, त्या पुन्हा सोबत राहिल्या, पण या वेळी कुणाच्या डोक्याला तेल लावेनात. चहा बिनसाखरेचा आला तरी पिऊन टाकायच्या. मीच एक दिवस कंगवा त्यांच्या हातात दिला आणि पुढ्यात बसले. वेणी घालता घालता त्या म्हणाल्या, "मेल्यानं मेडिकलमदी मिळंल मनायचं. बाहेरचं कामून मनला?" आणि थोड्या वेळानं, "ती गोळी आतली झाली पायजे."

आमच्या चळवळीचा जन्म हा असा झाला. झेंडा नाही, बॅनर नाही, घोषणा तेवढी तयार होती.

घरी आल्यावर आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात मोठ्या साहेबांकडं गेलो. आत्यांनी त्यांना झालेली गोष्ट सांगितली आणि खिडकीतल्या माणसाला तो शब्द वापरू देऊ नका म्हणाल्या, न्हाईतर एखांद्याची सून मरंल. साहेब भले होते, त्यांनी तिथल्या तिथं त्याला बोलावून सांगितलं. पण आत्या खुर्ची सोडेनात. बीपीची आत, साखरेची आत, मग आमचीच मेडिकलमदी कामून? साहेब म्हणाले, मागणी नाही. असे पेशंट आपल्या तालुक्यात नाहीतच, मग कुणासाठी मागवू? आणि लिहून द्यायला त्यातले डॉक्टरही इथं येत नाहीत.

पेशंट नाहीत म्हणे. ते कुठं आहेत हे मला ठाऊक होतं, कारण मी मापं घेते.

माप घेताना बाई हात वर करून उभी असते. दार लोटलेलं असतं. तोंड तिचं भिंतीकडं, माझं तिच्या पाठीकडं, त्यामुळं कुणाला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. तेव्हा ती खरं बोलते. शिवाय टेप खोटं बोलत नाही. पोरीचं वय वाढतंय आणि छातीचं माप कमी भरतंय, तर मी विचारते, झोप लागते का गं? आधी मी हे मनात ठेवायचे. आता पुढचं वाक्य बोलायला लागले. मलाही हेच झालं होतं, बीपी नाही. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझ्या हातातून टेप पडली. त्या बाईनं ती उचलून दिली आणि आपल्या नणंदेचं सगळं सांगितलं.

शेजारच्या गल्लीतल्या रझिया भाभींचा भाऊ कित्येक महिने खोलीबाहेर आला नव्हता. कुणाचा नवरा, कुणाची पोर, बऱ्याच जणी स्वतःच. मी त्यांना एवढंच सांगायचे, बाजाराच्या दिवशी आलाच आहात तर दवाखान्याच्या खिडकीवर जाऊन विचारा, ती गोळी आली का? गोळीचं नाव नको, आजाराचं नको, ती गोळी म्हटलं की पुरे. दर बाजारी बायका विचारू लागल्या. खिडकीतला माणूस वैतागून साहेबांकडं गेला. तरीही वर्ष गेलं, आणि त्या वर्षात मी दर महिन्याला परभणीची एसटी धरत राहिले. बस चुकली की घरात सगळ्यांचे चेहरे उतरायचे. हौद कुणीच विसरलं नव्हतं.

शेवटी साहेबांनी निरोप धाडला. परभणीच्या डॉक्टरबाई महिन्यातून एका बाजाराच्या दिवशी इथं येऊन बसतील. गोळ्याही येतील. पण ही तात्पुरती सोय आहे. पेशंट आले तर पुढं चालू, नाहीतर बंद.

*

त्या दिवशी मी सगळ्यांत आधी गेले. व्हरांड्याच्या टोकाची खोली, नवा कागद चिकटवलेला, मानसिक आरोग्य. बाई आत बसल्या होत्या. मला बघून हसल्या, गोळ्या लिहून दिल्या, आणि मी तालुक्याच्या खिडकीतून माझी गोळी पहिल्यांदा हातात घेतली. खिडकीतला माणूस म्हणाला, घ्या ताई, आली तुमची.

मग मी व्हरांड्यात वळून पाहिलं. सगळ्या आल्या होत्या. रझिया भाभी भावाला घेऊन इंजेक्शनच्या रांगेत उभ्या होत्या. कुणी बीपीच्या रांगेत, कुणी लहान लेकरांच्या डोसाच्या बाकावर, कुणी फाटकाबाहेर बांगड्या बघत. त्या खोलीसमोर कुणीच नव्हतं. तिथं उभं राहिलं की आख्ख्या बाजाराला समजणार होतं. मी एकीचा हात धरला, तर तिनं पदर पुढं ओढला आणि म्हणाली, फुडच्या बारीला. पुढची बारी येणारच नाही हे तिलाही कळत होतं. साहेब एकदा डोकावून गेले, परत डोकावून गेले. बाई रिकाम्या खोलीत बसून होत्या. एवढं सगळं करून खोली बंद होणार, म्हणून मला रडू यायला लागलं.

आत्या कुठं दिसेनात. बघते तर केसपेपरच्या टेबलाशी. मला वाटलं, माझाच कागद हरवला की काय. त्या हातात केसपेपर घेऊन आल्या आणि सरळ त्या खोलीत शिरल्या. मी मागोमाग गेले. कागदावर त्यांचं नाव होतं.

मी दार लोटायला लागले. "दार लावू नगं," त्या म्हणाल्या. "ऐकू दे समद्यांला."

बाईंनी विचारलं, काय होतंय आत्या? आत्यांनी बाजारात भाव विचारतात तेवढ्या मोठ्यानं सांगितलं. झोप लागत न्हाई. कशातच जीव रमत न्हाई. छातीवर कुनी बसल्यावानी वाटतं.

"कधीपासून?"

"तुमी जलमायच्या आदीपासून."

आत्या बोलत राहिल्या. पहिलं लेकरू झालं आणि गेलं, तेव्हापासून. आमच्या मालकांच्या आधी एक मूल होतं हे मला, या घरच्या सुनेला, तिथं त्या खोलीत कळलं. त्या जेवेनात, बोलेनात, म्हणून माहेरी नेऊन मिरच्यांची धुरी दिली. झाडाला बांधलं. मग एक दिवस त्यांनी उठून भाकरी थापली, आणि सगळे म्हणाले, सुटली.

"सुटले न्हवते," आत्या म्हणाल्या. "गप बसले व्हते. याला गोळी असती मनून मला कुनी सांगितलंच न्हाई."

मी त्यांच्या खुर्चीमागं उभी होते. बाहेर व्हरांड्यात इंजेक्शनची सिस्टरसुद्धा हात थांबवून ऐकत होती. बाईंनी आत्यांचा हात हातात घेतला आणि पुष्कळ वेळ एकेक गोष्ट विचारत राहिल्या. आत्या उत्तरं देत राहिल्या, हळूहळू आवाज खाली येत गेला, आणि शेवटी त्या फक्त बाईंशी बोलत होत्या.

उठून आम्ही दाराशी आलो, तर समोर रझिया भाभी भावाचा हात धरून उभ्या होत्या. त्यांच्या मागं फुडच्या बारीला म्हणालेली ती बाई, तिच्या मागं आणखी बायका, फाटकापर्यंत. आत्यांनी डोळे पुसले आणि त्या पोराला आत ढकललं.

"जा बाळा, बस. पोरगी चांगली हाय, समदं इचारती."